आईच्या मटणातलं मीठ

पोलिसात राहून मटण खात नाही म्हटलं की लोक आधी माझ्या गळ्याकडे बघतात. माळ दिसत नाही. मग विचारतात, "गुरुवार धरता का मॅडम?" नाही. "मग श्रावण?" अहो, मार्च महिना चाललाय, कसला श्रावण! "मग जातीनं..." इथे मी अशी बघते की पुढचा शब्द त्यांच्या घशातच राहतो.

आमच्या ठाण्यात कोणाची बदली झाली, कोणाला मुलगा झाला, की कोणाच्या तरी मळ्यात जेवण ठरतं. चुलीवरचं मटण, बाजरीची भाकरी, कांदा. मी जाते, भाकरी वाढते, ठेच्याशी खाते आणि येते. नवीन आलेले साहेब माझ्यासाठी मुद्दाम पनीर मागवतात. पनीर मला मुळीच आवडत नाही, पण माणूस प्रेमानं मागवतो, काय करणार, गिळते.

मला काही उपरती झालेली नाही. बोकडाच्या डोळ्यांत बघून माझं काळीज वगैरे कधी हललं नाही. आजही नगरमध्ये दुपारी एखाद्या खानावळीवरून गाडी काढली आणि रश्श्याचा वास आला, की तोंडाला पाणी सुटतं. खोटं कशाला बोलू? तरी खात नाही. का, ते सांगायचं तर आईपासून सांगावं लागतं, आणि आई ही काही पार्टीत सांगायची गोष्ट नाही.

आमचं गाव पाथर्डीच्या पुढे, उघड्याबोडक्या माळावर. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. माझे आई-आबाही जायचे, बहुतेक वेळा कोल्हारच्या बाजूला, प्रवरेकाठच्या उसात. तोडीला नवरा-बायकोची जोडी लागते आणि त्या जोडीला म्हणायचं एक कोयता. म्हणजे मुकादमाच्या लेखी माझे आई-बाप ही दोन माणसं नव्हतीच, एक कोयता होता. मी शाळेसाठी गावात काकूकडे राहायचे आणि सुट्टी लागली की एस.टी.नं त्यांच्या कोपीवर जायचे. कोपी म्हणजे पाचटाची झोपडी, आत सरळ उभं राहता येत नाही अशी.

आई मटणाची वेडी होती. साधी आवड नाही, वेड. रस्सा तिला नको असायचा, तिला नळी लागायची. नळीचं हाड ताटाच्या काठावर आपटायची, तोंडानं ओढायची, परत आपटायची, परत ओढायची, आणि आत काही उरलं नाही अशी खात्री पटली की भिंगातून बघावं तसं त्यातून उजेडाकडे बघायची. आबा म्हणायचे, "अगं, कुत्र्याला काय ठेवशील का न्हाई?"

"कुत्र्यानं काय ऊस तोडलाय?" आई म्हणायची.

स्वयंपाकही तिचाच. मटण हळद-मिठात शिजलं, की मसाला घालायच्या आधी जे पिवळं पाणी असतं, त्याला आम्ही आळणी म्हणतो. ती आळणी आई पळीनं तळहातावर घ्यायची, जिभेनं टिपायची आणि डोळे मिटायची. मग चिमूटभर मीठ टाकायची, नाहीतर हात झटकून मोकळी व्हायची. त्यानंतर मिठाबद्दल कोणी चकार शब्द काढायचा नाही. काढायची गरजही पडायची नाही.

मी बारावीची परीक्षा दिली त्या वर्षी चैत्रात गावच्या देवीची जत्रा होती. तोडीला गेलेले सगळे परत आलेले. देवीला बोकड, आणि दुपारी लिंबाखाली पंगत. आबांकडचे एक पाहुणे जेवता जेवता म्हणाले, "पोरगी थोर झाली की. औंदा लगीन उरकून टाका. दिवाळीला अजून एक कोयता तयार."

सगळे हसले. मीही हसले असेन, काय कळत होतं मला. आईच्या हातात नळी होती. तिनं ती ताटात ठेवली, उठली, तांब्यातल्या पाण्यानं हात धुतला आणि तरातरा देवीच्या ओट्यापाशी गेली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझी पोरगी नोकरीला लागल्याबिगर मी वशाट तोंडात घालनार न्हाई. तिच्या हातात कोयता यायचा न्हाई म्हंजे न्हाई."

पंगत दुप्पट हसली. मावशी, आईची धाकटी बहीण, तर पोट धरून हसली. "ही? ही वशाट सोडनार? चार दिसांत सुकट मागती का न्हाई बघा!"

चार दिवस गेले, चार महिने गेले. आईनं सुकटच काय, अंडंसुद्धा तोंडात घातलं नाही. मला तो सगळा प्रकार बावळटपणाचा वाटायचा. मी तिला म्हटलं, "अगं, देवीला स्वतःला बोकड चालतो. तू सोडून तिला काय मिळणार?"

"तिला काय मिळतंय ते ती बघंल," आई म्हणाली. "पर मला आठवन ऱ्हाती ना."

मी पोलीस भरती करायचं ठरवलं. आमच्याकडे पोरींना दोनच रस्ते दिसतात, नर्सिंग आणि भरती, आणि मला सुईची भीती होती. नगरला अकॅडमी लावली. पहाटे पळायचं, गोळा फेकायचा, मग अभ्यास. तिथले सर रोज ओरडायचे, "अंगात ताकद कुठून येणार? अंडी खा, मटण खा!" हे मी एकदा आईला फोनवर सांगितलं आणि संपलंच. मी कोपीवर गेले की आबांना बाजारात पिटाळायची, मटण आणायला लावायची आणि तीन दगडांच्या चुलीवर माझ्यासाठी शिजवायची. स्वतः शेजारी बसून मिरचीच्या चटणीशी भाकरी खायची.

पहिल्यांदा ती अशी शिजवत होती तेव्हा सवयीनं आळणी तळहातावर घेतली, जिभेपाशी नेली, आणि थबकली. हात पदराला पुसला. मग मला हाक मारली, "ये गं, मीठ बघ."

मी बघितलं. कमी होतं. मी सरळ म्हटलं, "कमी आहे थोडं."

त्यात रागावण्यासारखं काय होतं? पण आईनं पळी खाली ठेवली आणि कोपीच्या दारात जाऊन बसली. म्हणाली, "चाखलं न्हाई म्हनून काय झालं, हाताला कळत हुतं मला. आता त्ये बी गेलं का?" डोळ्यांत पाणी. माझी आई, जी पायात उसाचं धसकट घुसलं तरी हूं की चूं करायची नाही, ती मिठावरून रडत होती. आबा माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी कोणाचा खून केला होता.

तेव्हापासून मी शहाणी झाले. आईनं म्हटलं, "मीठ बघ गं," की मी चाखायचे आणि म्हणायचे, "बरोबर आहे." आबांना विचारलं की ते वाटीत बघत म्हणायचे, "बरोबर हाय." आणि मीठ दर वेळी कमी असायचं. जास्त पडेल या भीतीनं तिचा हात आखडायचा. आबांनी त्यावर उपाय काढला. कागदात मीठ बांधून पुडी बंडीच्या खिशात ठेवायला लागले. आई भाकरी थापायला वळली की त्यांचा हात खिशाकडे जायचा, चिमूट त्यांच्या वाटीत, चिमूट माझ्या वाटीत. मग आम्ही दोघं चोरासारखे मान खाली घालून जेवायचो.

"आबा, हिनं ज्या दिवशी मटण खाल्लं ना, त्या दिवशी आपली काही खैर नाही," मी हळूच म्हणायचे.

"मी तर त्या दिशी रानातच जाऊन बसनार," आबा म्हणायचे.

हे आमचं गुपित होतं, आणि त्याची आम्हाला फार मजा वाटायची. आई कधीतरी पहिला घास घेणार, तिचं तोंड वाकडं होणार, आमच्याकडे बघणार, आणि मग जे काही सुरू होणार! त्या शिव्या आम्ही आधीपासूनच ऐकत होतो.

पण तो दिवस येईना. पहिल्या भरतीला मी पळण्यात मागे पडले. दुसऱ्या वेळी मैदान चांगलं झालं तर लेखी परीक्षेत गेले. मग भरतीच निघेना. तिसऱ्या वेळी प्रतीक्षा यादीत अडकून पडले. मी नापास झाले की गावात लोक माझी नाही, आईची चौकशी करायचे. "काय मग, औंदा बी चटनीच का?" जत्रेच्या पंगतीत ती वाढायला उभी राहायची. इतरांच्या ताटात नळी वाढताना तिचा हात थांबायचा नाही, पण मी बघायचे, नजर त्या ताटासोबत जायची.

मला तिचा संताप यायचा. एकदा मी भडाभडा बोलले, "कोणी सांगितलं होतं तुला देवीला मध्ये घालायला? मी नापास झाले तर मला माझं दुःख पुरेसं आहे, त्यात तुझी चटणी-भाकरी बघायची! मी पण नाही खाणार जा."

तिनं माझ्या हातातलं ताट सरळ केलं. "तुला पळायचंय," म्हणाली. "मला कुटं पळायचंय? गप खा."

मी खाल्लं. रडत रडत खाल्लं, आणि मीठ कमी आहे हेही मला कळलं नाही.

शेवटी लागला निकाल. मी नगरच्या खोलीवर होते. दहा वेळा नाव वाचून फोन केला तेव्हा आई-आबा गावीच होते, तोड सुरू व्हायला अवकाश होता. आई फोनवर नुसती हुंदके देत होती. मी म्हटलं, "रडतेस काय? आबांना पाठव बाजारात. आज खायचं तू. मी निघालेच."

घरी पोहोचले तर चुलीवर पिठलं.

"निकाल लागलाय नुसता," आई म्हणाली. "नोकरीला कुटं लागलीस? कागद येऊ दे."

कागद आला. ट्रेनिंगला कधी हजर व्हायचं ते त्यात होतं. मी तो तिच्यापुढे नाचवला. तिनं तो देवापुढे ठेवला, हळदकुंकू वाहिलं, आणि म्हणाली, "ट्रेनिंग म्हंजे शाळाच की. अंगावर वर्दी चढू दे, मग खाईन."

मी डोक्यावर हात मारून घेतला. मावशी आली, तिनं समजावलं, आबांनी समजावलं. "एवढी वर्सं काढली," आई म्हणाली, "आता थोडक्यासाठी देवीला फसवू व्हय? तिनं परत घेतलं म्हंजे?" ती घाबरली होती. इतक्या वर्षांनी हातात आलेलं तिच्या एका घासानं जाईल, असं तिला खरंच वाटत होतं. मी तेव्हा तिच्यावर चिडले. पोरीच्या नशिबाला स्वतःच्या घासाची दृष्ट लागेल, असं वाटणाऱ्या बाईवर चिडून काय उपयोग, हे मला आत्ता कळतं.

मग तिनं सगळं ठरवून टाकलं. ट्रेनिंग संपताना मोठी परेड असते, घरच्यांना बोलावतात. परेडला ती येणार, मला वर्दीत बघणार, आणि तिथून घरी येऊन बोकड. बोकड तिनं आबांना तेव्हाच निवडायला लावला. त्या वर्षी तोडीला जायचंही नाही असं मी म्हटलं, तर म्हणाली, "ह्यो शेवटचा सीझन. तू वर्दीत आली की कोयता देवीपाशी ठेवनार."

ट्रेनिंगमध्ये रविवारी फोन मिळायचा. आम्ही काय बोलायचो? मटण! "परेडला तिथंच जेवायला देत्यात व्हय गं?"

"नाही आई, तिथं पुरी-भाजी असते."

"बरं हाय. मग घरीच. आन ऐक, नळी माझी. कुनाला देऊ नको, तुझ्या मावशीला तर मुळीच न्हाई. आन औंदा मीठ मी बघनार."

मागे आबा खोकले. मला हसू आवरेना. फोन त्यांच्याकडे गेल्यावर मी म्हटलं, "आबा, आता काय?" ते म्हणाले, "पुडी फेकून देतो." आम्ही दोघं हसत सुटलो आणि आई मागून विचारत होती, "काय झालं? मला बी सांगा की."

त्यानंतरच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या आधीच आला, भलत्या दिवशी, ऑफिसात. आई उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून वर चढत होती. मध्येच थांबली. मोळी खाली टाकली, फळीवर बसली, आणि बसली ती बसलीच. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलंय, वाटेतच.

मी रजा घेऊन थेट गावी पोहोचले. तिला अंगणात ठेवलेलं होतं. हातावर उसाच्या पानांचे चिरे, नखात काळं. मी तिला हलवलं. मला खरंच तिचा राग आला होता. सगळ्यांसमोर मी ओरडले, "घास घ्यायला काय झालं होतं तुला? एक घास! काय झालं असतं?" बायकांनी मला धरून बाजूला घेतलं.

परेडला आबा एकटे आले. नवी टोपी घातलेली, शेजारची खुर्ची रिकामी. कोणी तिथं बसायला आलं की ते हात आडवा धरत होते, हे मी रांगेत उभी राहून बघत होते.

पुढच्या जत्रेला मावशीनंच पुढाकार घेतला. आईनं निवडायला लावलेला बोकड होता, तो देवीला दिला. मावशीनं रांधलं, आईच्याच मसाल्यात. माझ्यापुढे ताट ठेवलं. वर नळी. मावशी म्हणाली, "तिचा नवस अर्धा ऱ्हायला, बाई. तू घास घे. तू खाल्लं की तिला पोचंल."

मी घास केला. हात तोंडापर्यंत आला. वास तोच, घरचा. भूकही होती. पण तोंड उघडेना. मी घास खाली ठेवला.

"आता कुनासाठी सोडतीस?" मावशी रडायला लागली. "लागली ना नोकरी?"

"ती जेवल्याशिवाय मी कशी जेवू?" मी म्हटलं.

त्यावर पंगतीत कोणी हसलं नाही. आईचा नवस कधीतरी सुटणार होता, तसा तो सुटण्यासाठीच होता. माझ्या नवसाला सुटायला दारच नाही, हे मला तिथं बसल्या बसल्या कळलं होतं. तरी मी उठले आणि हात धुतला. तेव्हापासून आजपर्यंत.

आता आबा माझ्याजवळ राहतात, नगरला. पाटीवर अहिल्यानगर आलंय, पण आबांच्या तोंडात नगरच. मी खात नाही म्हणून त्यांनी घरात मटणाचं नाव कधी काढलं नाही. मागच्या हिवाळ्यात ते आजारी पडले आणि पार वाळून गेले. बरे झाल्यावर एका रविवारी गॅलरीत उन्हाला बसले होते. शेजारच्या खोलीतून वास येत होता. "त्यांच्यात मटन दिसतंय," एवढंच म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं.

मी गाडी काढली आणि मटण घेऊन आले. ते नको नको म्हणत राहिले. मी ऐकलं नाही. आईसारखं हळद-मीठ लावून शिजायला ठेवलं. वाफ आली, आळणी तयार झाली. मी पळीभर तळहातावर घेतली, तोंडापाशी नेली, आणि थांबले. हात ओढणीला पुसला. मीठ टाकताना बोटं आपोआप आखडली. कमी असलं तर वरून घेता येतं, जास्त झालं तर काय करणार, असं मी मोठ्यानं म्हणत होते. माझं मलाच ऐकू आलं.

ताट वाढून त्यांच्यापुढे ठेवलं. म्हटलं, "आबा, मीठ बघा."

त्यांनी घास घेतला. बराच वेळ चावत राहिले. मग वाटीत बघत म्हणाले, "बरोबर हाय."

आणि त्यांचा हात छातीवरच्या खिशाकडे गेला. आता बंडी नसते, मी आणलेला शर्ट असतो. खिशात पुडी नव्हती. हात तिथंच राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी त्यांच्याकडे. कमी होतं, हे दोघांनाही कळलं.

मिठाचा डबा माझ्या मागेच होता. मी तो दिला नाही, त्यांनी मागितला नाही. आम्हाला शिव्या घालणारं माणूस आता यायचं नव्हतं. आबांनी भाकरी कुस्करली, तसंच अळणी सगळं जेवले, आणि मी शेजारी बसून चटणीशी भाकरी खाल्ली.